खासगी क्लिनिकमध्ये ऑडिओलॉजीचे इंटर्न घ्यावेत का, आणि घेतले तर त्यांना काय शिकवावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात काही वर्षांपासून स्वतःचे क्लिनिक चालवणाऱ्या एका ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) बाईंना त्यांच्या जुन्या महाविद्यालयाने विचारले आहे की, बीएएसएलपी या श्रवण आणि वाचा-भाषा विषयांच्या पदवीच्या इंटर्नशिपच्या वर्षातले विद्यार्थी त्यांच्याकडे बाहेरच्या पोस्टिंगसाठी पाठवता येतील का. त्यांच्या शंका तीन आहेत. दिवसाला येणारे पेशंट मोजकेच असतात, तेवढ्यावर विद्यार्थ्याला काही शिकायला मिळेल का? पैसे मोजून आलेला पेशंट विद्यार्थ्याकडून तपासून घेईल का? आणि क्लिनिकचा खर्च बऱ्याच अंशी श्रवणयंत्रांच्या विक्रीतून निघत असताना आपण विद्यार्थ्याला वैद्यकीय काम शिकवणार आहोत की दुकानदारी?

त्यांनाच उद्देशून माझे उत्तर असे की इंटर्न जरूर घ्यावेत, पण एका वेळी एकच घ्यावा आणि तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी घेऊ नये. या अटीमागचे कारण तुमच्या पहिल्या शंकेतच आहे. महाविद्यालयाच्या किंवा मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या ओपीडीत विद्यार्थ्याला कानांची संख्या भरपूर मिळते. सकाळच्या रांगेत तऱ्हेतऱ्हेचे ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचे आलेख) काढून त्याचा हात बसतो, आणि ते शिक्षण तुम्ही देऊ शकणार नाही, द्यायचे कारणही नाही. तिथे त्याला सहसा मिळत नाही ते असे की, आज ज्याची तपासणी केली तोच माणूस आठ दिवसांनी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी त्याच्यासमोर पुन्हा येऊन बसणे. पोस्टिंग बदलते, पाळी बदलते आणि पेशंट दुसऱ्याच विद्यार्थ्याच्या वाट्याला जातो. खासगी क्लिनिकमध्ये मात्र पेशंट परत येतोच, समाधानी असला तर बॅटरी घ्यायला येतो आणि नसला तर तक्रार घेऊन येतो. आपल्या कामाचा परिणाम आपल्याच डोळ्यांनी पाहायला लागणे हे खासगी क्लिनिकमधले खरे शिक्षण असून, बाकीची सगळी आखणी त्याभोवती करावी. दोन आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये विद्यार्थी फक्त पाहू शकतो. अशा विनंतीला नकार द्यावा, किंवा ते निरीक्षण आहे असे महाविद्यालयाला स्पष्ट लिहावे.

कागदपत्रांविषयी दोनच गोष्टी महत्त्वाच्या आहेत. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याप्रमाणे परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असलेल्या व्यक्तीलाच हा व्यवसाय करता येतो. इंटर्नचे नाव अजून तिथे नसते. म्हणून रिपोर्टवर सही आणि नोंदणी क्रमांक तुमचाच असला पाहिजे, आणि सही करायची म्हणजे त्या तपासणीची जबाबदारी घ्यायची. विद्यार्थ्याचे नाव ‘चाचणी करणार’ म्हणून खाली लिहायला हरकत नाही, उलट ते लिहावे. दुसरी गोष्ट म्हणजे महाविद्यालयाचे लेखी पत्र: पोस्टिंग कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, तास किती, लॉगबुकवर सही कोणी करायची आणि काही अडचण आली तर तिथल्या कोणत्या प्राध्यापकांशी बोलायचे, एवढे त्यात असावे. तुमच्याकडे चक्कर येण्याच्या तपासण्या होत नसतील किंवा कॉक्लिअर इम्प्लांटचे मॅपिंग (शस्त्रक्रियेने बसवलेल्या श्रवणयंत्रणेची जुळवणी) होत नसेल, तर तेही आधीच कळवावे, म्हणजे विद्यार्थ्याच्या वर्षातली ती उणीव महाविद्यालय दुसरीकडे भरून काढेल.

पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला ऑडिओमीटरसमोर (ऐकणे मोजण्याच्या यंत्रासमोर) बसवण्याची घाई करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्याला रिसेप्शनजवळ बसवावे, फोन घेऊ द्यावेत, पण रिसेप्शनिस्ट रजेवर आहे म्हणून नव्हे. पेशंट आपले दुखणे कोणत्या शब्दांत सांगतो हे त्याने ऐकावे म्हणून. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ हे वाक्य त्याला दिवसातून अनेकदा ऐकू येईल, आणि वरच्या फ्रीक्वेन्सीज (बारीक, उंच पट्टीचे आवाज) उतरलेला ऑडिओग्राम म्हणजे काय हे त्याला पुस्तकातल्या आलेखापेक्षा या वाक्यातून लवकर उमजेल. ‘मला व्यवस्थित ऐकू येतं, घरातलेच हळू बोलतात’ असे सांगणारे आजोबा आणि त्यांच्या मागे उभे राहून मानेने नाही म्हणणारी सून, यांच्यापैकी कोणाचे म्हणणे केस पेपरवर लिहायचे? दोघांचेही लिहायचे, वेगवेगळे लिहायचे, आणि आजोबांकडे पाहून बोलायचे. विद्यार्थी बहुतेक वेळा सुनेशी बोलू लागतो, कारण तिला ऐकू येते. ही सवय पहिल्याच आठवड्यात मोडावी लागते. मोठ्याने ओरडून बोलण्याची सवयही तशीच. चेहऱ्यावर उजेड असावा, समोरासमोर बसावे, वेग थोडा कमी करावा आणि वाक्य कळले नाही तर तेच वाक्य जोरात न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगावे, हे त्याला प्रत्येक पेशंटबरोबर करून दाखवावे लागेल.

याच आठवड्यात त्याच्याकडे एक काम कायमचे सोपवावे. रोज सकाळी पहिला पेशंट येण्यापूर्वी ऑडिओमीटरचे हेडफोन स्वतःच्या कानाला लावून सर्व फ्रीक्वेन्सीज ऐकायच्या, वायर हलवून खरखर येते का पाहायचे, बोन व्हायब्रेटर (कवटीच्या हाडातून आवाज देणारे साधन) तपासायचा आणि वहीत नोंद करायची. यंत्राचे वार्षिक कॅलिब्रेशन (मोजमापाची अचूकता तपासून जुळवणे) तुम्ही तंत्रज्ञाकडून करून घेताच, परंतु दोन कॅलिब्रेशनमधल्या काळात बिघाड सापडतो तो या पाच मिनिटांच्या ऐकण्यातून. मोठ्या संस्थेत हे काम सहसा दुसरे कोणीतरी करते. छोट्या क्लिनिकमध्ये ते ‘दुसरे कोणी’ नसते, हेही त्याला कळू द्यावे.

दुसऱ्या आठवड्यापासून तपासणी त्याच्या हाती द्यावी, पण तुमची खुर्ची अशा जागी ठेवावी की ऑडिओमीटरचा डायल आणि काचेपलीकडचा पेशंट हे दोन्ही तुम्हाला एकाच वेळी दिसतील. आधी ऑटोस्कोपने कान पाहणे, मग दहा डेसिबलने खाली आणि पाचने वर या क्रमाने थ्रेशोल्ड (जेमतेम ऐकू येणारा आवाज) शोधणे, १००० हर्ट्झ शेवटी पुन्हा तपासून पहिल्या उत्तरापासून ५ डेसिबलच्या आत आहे ना हे पाहणे, हे सारे त्याला येत असते. त्याला येत नसते, निदान आत्मविश्वासाने येत नसते, ते मास्किंग, म्हणजे एक कान तपासताना दुसऱ्यात गोंगाट सोडून त्याला गुंतवून ठेवणे. परीक्षेत तो मास्किंगच्या प्लॅटो पद्धतीची आकृती सुरेख काढतो, पण पेशंट घड्याळाकडे पाहू लागला की मास्किंगच पहिल्यांदा गाळतो.

यावर उपाय म्हणून मी इंटर्नला एक काल्पनिक कान देते. उजवा कान पूर्ण बधिर आहे, डावा उत्तम आहे आणि मास्किंग केलेले नाही. साध्या हेडफोनमधला आवाज ४० डेसिबलच्या वर गेला की कवटीतून पलीकडच्या कानाला पोहोचू शकतो, आणि बोन व्हायब्रेटरचा आवाज तर जवळजवळ काहीच न घटता पोहोचतो. मग या बधिर कानाचा ऑडिओग्राम कसा दिसेल? हवेतून ५०-६० डेसिबलच्या आसपास आणि हाडातून चक्क नॉर्मल. कागदावर दिसेल तो ठसठशीत एअर-बोन गॅप (हवेतून आणि हाडातून ऐकण्यातला फरक) असलेला, शस्त्रक्रियेने सुधारण्याजोगा वाटणारा कान. त्यात पडद्याची तपासणी आणि इम्पीडन्स (मधल्या कानाची तपासणी) नॉर्मल आला, तर ऑटोस्क्लेरोसिसचा (कानातले हाड घट्ट बसण्याच्या आजाराचा) संशय घेऊन कोणी त्या कानाच्या शस्त्रक्रियेचा विचारही करू शकेल. हा आलेख त्याला स्वतःच्या हाताने काढू द्यावा आणि त्याखाली आपली सही करण्याची कल्पना करायला सांगावी. त्यानंतर घड्याळाकडे पाहणाऱ्या पेशंटला ‘अजून दहा मिनिटं लागतील, या कानाची खात्री करून घ्यायची आहे’ असे तो स्वतःहून सांगू लागतो.

शब्दांची चाचणी हा आपल्याकडे दुर्लक्षित राहणारा भाग आहे. शब्द ओळखण्याचा थ्रेशोल्ड आणि शुद्ध टोनच्या थ्रेशोल्डची सरासरी यांत फार तफावत असेल, तर कुठेतरी चुकते आहे हे समजायला तीच पडताळणी उपयोगी पडते. मोबदल्यासाठी किंवा प्रमाणपत्रासाठी कमी ऐकू येते असे भासवणारा माणूसही बरेचदा तिथेच सापडतो. पण विद्यार्थी केरळहून किंवा दिल्लीहून शिकायला आलेला असेल आणि पेशंट कागलचा असेल, तर त्या विद्यार्थ्याच्या तोंडून आलेले मराठी शब्द पेशंटने चुकीचे सांगितले याचा दोष कानाला देता येत नाही. अशा वेळी रेकॉर्ड केलेली मराठी यादी वापरावी किंवा शब्द तुम्ही म्हणावेत आणि गुण विद्यार्थ्याने द्यावेत.

कोणता पेशंट आपला नाही हे ओळखणे तपासणीपेक्षा महत्त्वाचे आहे, आणि खासगी क्लिनिकमध्ये ते अधिकच महत्त्वाचे, कारण इथे पेशंट पुष्कळदा डॉक्टरांकडे न जाता जाहिरात वाचून किंवा शेजाऱ्याचे ऐकून थेट येतो. कान वाहतो आहे, दुखतो आहे, एकाच कानाला कमी ऐकू येते, एकाच कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज येतो, गरगरते आहे, असे काही असेल तर मशीनचा (श्रवणयंत्राचा) विषयच काढायचा नाही. आणि ‘परवा सकाळी उठलो तर हा कान बंदच’ असे कोणी म्हणाले, तर तपासणी करून त्याच दिवशी ईएनटी डॉक्टरांकडे पाठवायचे, पुढच्या आठवड्याची वेळ द्यायची नाही. अचानक आलेल्या बहिरेपणात स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो. कानात मळ असेल, सर्दीने बंद झाला असेल असे म्हणत पेशंटने आधीच दिवस घालवलेले असतात. फोन घेणाऱ्या विद्यार्थ्याला आणि तुमच्या रिसेप्शनिस्टलाही ‘अचानक बंद झालेला कान त्याच दिवशी ईएनटीकडे’ हे एक वाक्य पाठ असले पाहिजे.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र इंटर्नला फार पुढे जाऊ देऊ नये. इलेक्ट्रोड लावणे, बेराच्या (आवाजाला मज्जातंतू देतात तो प्रतिसाद नोंदवणाऱ्या तपासणीच्या) लहरी ओळखायला शिकणे, सहा महिन्यांखालच्या बाळाला इम्पीडन्ससाठी २२६ ऐवजी १००० हर्ट्झचा टोन का लावायचा हे समजून घेणे, इतपत ठीक. बाळाला झोपेचे औषध देण्याचा प्रश्न डॉक्टरांचा आहे आणि तशी सोय नसलेल्या क्लिनिकने नैसर्गिक झोपेवरच भागवावे. आईवडिलांना निदान सांगण्याचे काम तर तुमचेच. विद्यार्थ्याने त्या खोलीत शांत बसून ऐकावे. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, हे सूत्र त्याला पाठ असते. प्रत्यक्षात दोन-अडीच वर्षांचे मूल ‘घरात सगळेच उशिरा बोलले’ म्हणून उशिरा आणले जाते, तेव्हा ते सूत्र कोणालाही सुनावायचे नसते, हे त्याला पाहून कळते.

इथेच एक गोष्ट मुद्दाम शिकवावी, कारण ती खासगी क्लिनिकच्या हिताविरुद्ध दिसते. केंद्र सरकारच्या एडीआयपी (दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या) योजनेखाली गरजू कुटुंबांना श्रवणयंत्रे मिळतात आणि जन्मतः ऐकू न येणाऱ्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते. इम्प्लांटच्या कामाची नोडल संस्था मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ही माहिती आपल्या क्लिनिकमध्ये पालकांना पहिल्याच भेटीत मिळाली पाहिजे, मशीन विकून झाल्यावर नव्हे. तसेच, ‘बहिरेपणाचा दाखला द्या’ म्हणून येणाऱ्यांना आपला रिपोर्ट हा दाखला नाही हे समजावून योग्य जागी पाठवायला विद्यार्थ्याने शिकावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या फ्रीक्वेन्सीजमध्ये ६० ते ७० डेसिबलची घट असेल तर ऐकायला कमी येणारी व्यक्ती आणि ७० डेसिबलची असेल तर कर्णबधिर, अशी व्याख्या आहे. प्रमाणपत्र मात्र शासनाने नेमलेली वैद्यकीय यंत्रणाच देते.

आता श्रवणयंत्रांकडे येते. तुमच्या तिसऱ्या शंकेचे उत्तर इथे आहे.

कानाचा मोल्ड घेण्यापासून सुरुवात करावी. विद्यार्थ्याने आधी तुमच्या कानाचा ठसा घ्यावा, मग स्वतःच्या कानाचा घेऊ द्यावा, म्हणजे सिलिकॉन आत सरकताना कसे वाटते ते त्याला कळेल. कानाच्या नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे ब्लॉक (सिलिकॉन आत जाऊ न देणारा बोळा) बसला आहे हे ऑटोस्कोपने पाहिल्याशिवाय सिलिकॉन भरायचे नाही, आणि पडद्याला छिद्र असलेला किंवा मास्टॉइडची (कानामागच्या हाडाची) शस्त्रक्रिया झालेला कान इंटर्नला द्यायचाच नाही. हे नियम मी लेखी देते, कारण गर्दीच्या दिवशी तोंडी नियम विसरले जातात.

मशीन बसवताना कंपनीचे सॉफ्टवेअर एका क्लिकवर जे ‘फर्स्ट फिट’ देते, तिथेच काम संपले असे मानणारा विद्यार्थी मला दरवर्षी भेटतो. कानात बारीक नळीचा माइक ठेवून प्रत्यक्ष पडद्याजवळ आवाज किती पोहोचतो हे मोजले, तर फर्स्ट फिट विशेषतः वरच्या फ्रीक्वेन्सीजमध्ये नॅल किंवा डीएसएल या प्रमाण सूत्रांनी ठरवलेल्या लक्ष्यापेक्षा पुष्कळदा कमी पडलेला दिसतो. म्हणजे जे शब्द कळत नाहीत म्हणून माणूस आला, त्याच शब्दांची व्यंजने अजूनही हरवलेली असतात. तुमच्याकडे हे मोजणारे रिअल इअर मेझरमेंटचे यंत्र असेल तर प्रत्येक फिटिंगला ते वापरून दाखवा. नसेल तर इंटर्न घेण्यापूर्वी ते घेण्याचा गंभीरपणे विचार करा, कारण त्याच्याशिवाय तुम्ही त्याला शिकवणार ते कंपनीचे सॉफ्टवेअर, ऑडिओलॉजी नव्हे.

यापुढचा टप्पा म्हणजे परत येणारा पेशंट. पोस्टिंगच्या पहिल्या महिन्यात बसवलेल्या मशीनपैकी चार-पाच पेशंट विद्यार्थ्याच्या नावे करावेत आणि त्यांच्या प्रत्येक भेटीला तोच असेल असे वेळापत्रक लावावे. ‘मशीन शिट्टी मारतंय’ म्हणजे मोल्ड सैल, कानात मळ किंवा मशीन नीट न घालणे. ‘माझाच आवाज घुमतो’ म्हणजे कान फार बंद झाला. ‘भांडी आपटल्यासारखी वाटतात’ म्हणजे जोराच्या आवाजांची मर्यादा पाहावी लागेल, किंवा मेंदूला वर्षानुवर्षे न ऐकलेल्या आवाजांची सवय व्हायला वेळ द्यावा लागेल. या दोहोंतला फरक करणे सोपे नसते. घाईने आवाज कमी केला तर पेशंट खूश होऊन जातो आणि शब्द पुन्हा हरवतात. न ऐकताच ‘सवय होईल’ म्हटले तर मशीन कपाटात जाते.

समजा, इचलकरंजीत आयुष्यभर यंत्रमागावर काम केलेले एक गृहस्थ आहेत. ऑडिओग्रामवर ४००० हर्ट्झला गोंगाटाने पडणारी खोल खाच, खालच्या फ्रीक्वेन्सीज बऱ्या, दोन्ही कानांना मागे बसणारी रिसीव्हरची मशीन दिली आहेत. महिन्याने ते सांगतात की दिवसभर घालतो, काही फरक नाही. मशीनच्या आतली नोंद सांगते की रोजचा वापर जेमतेम दीड तासाचा आहे. विद्यार्थ्याला ही नोंद सापडली की तो जिंकल्याच्या सुरात आकडा वाचून दाखवतो, आणि तो पेशंट पुन्हा येत नाही. त्याऐवजी त्याने विचारायला हवे: सकाळी कोणत्या वेळी घालता, कोण घालून देते, काढता कधी, कोणाशी बोलताना त्रास होतो? मग कळते की उजव्या हाताची बोटे जड झाली आहेत, मशीन बसत नाही, मुलगा कामावर जाण्यापूर्वी घालून देतो आणि चहाला बाहेर पडताना मित्र हसतात म्हणून ते काढून ठेवतात. पहिल्या अडचणीवर मोल्ड बदलता येतो, दुसरीवर प्रोग्रॅमिंगचा इलाज नाही, पण ती कळली पाहिजे. अशी एक भेट पूर्णपणे विद्यार्थ्याने सांभाळली आणि पुढच्या महिन्यात त्या गृहस्थांचा वापर वाढलेला त्याने स्वतः पाहिला, की लॉगबुकात ऑडिओग्रामची किती पाने भरली याला फारसे महत्त्व उरत नाही.

पैशांचा विषय विद्यार्थ्यापासून लपवू नये. यंत्राची किंमत किती, त्यात आपला हिस्सा किती, भाडे, पगार, कॅलिब्रेशन, मोफत फॉलो-अपचे तास यांवर तो कसा जातो, हे एकदा कागदावर मांडून दाखवावे. बहुतेक विद्यार्थी पुढे याच क्षेत्रात नोकरी किंवा व्यवसाय करणार असतात आणि महाविद्यालयात त्यांना हे कोणी सांगत नाही. मात्र त्याला विक्रीचे टार्गेट द्यायचे नाही, मशीन विकले म्हणून बक्षीस द्यायचे नाही, आणि कंपनीच्या प्रतिनिधीने घेतलेले प्रशिक्षण हे तुम्ही घेतलेल्या प्रशिक्षणाऐवजी चालवून घ्यायचे नाही. प्रतिनिधीचे व्याख्यान त्याने जरूर ऐकावे आणि नंतर त्यातले काय मोजून सिद्ध करता येते, याची चर्चा तुमच्याशी करावी. ज्याला मशीनची गरज नाही, किंवा ज्याचे काम कमी किमतीच्या मशीनवर भागेल, अशा पेशंटला तुम्ही तसे सांगता तेव्हा विद्यार्थी खोलीत असेल असे पाहा. दोन कानांना का सुचवले किंवा एकाच कानाला का, याचे कारण त्याला ऑडिओग्रामवरून पेशंटच्या भाषेत सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल तर ती दुकानदारी.

कट प्रॅक्टिसविषयीही बोलावे लागेल. पेशंट पाठवल्याबद्दल पैसे घेणे डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहितेने निषिद्ध आहे आणि महाराष्ट्रात त्याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही २०१७ मध्ये तयार झाला होता. तरी आपल्या क्षेत्रात अशी मागणी होते, हे विद्यार्थ्याला तुमच्याकडे येऊन चार दिवसांत कळणारच आहे. तुमची भूमिका त्याला कुजबुजीतून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळावी. तुम्ही ती मागणी मान्य करत असाल, तर इंटर्न घेण्यापूर्वी त्याचा विचार करा, कारण तोही तो शिकून जाईल.

पेशंट विद्यार्थ्याकडून तपासून घेईल का, ही तुमची दुसरी शंका अनुभवाने लवकर दूर होईल. ओळख तुम्ही करून द्यावी: ‘या अमुक, शेवटच्या वर्षाला आहेत. तपासणी त्या करतील, मी इथेच बसले आहे. तुम्हाला नको असेल तर मी करते.’ ओळखीतली प्रत्येक गोष्ट खरी असावी, म्हणजे ‘इथेच बसले आहे’ म्हटल्यावर उठून दुसरा पेशंट घ्यायचा नाही. नकार देणारे थोडे असतात आणि त्यांच्या नकाराचे कारण विचारू नये. उलट वयस्कर पेशंटना विद्यार्थी आवडतात, कारण तो त्यांना जास्त वेळ देतो. तुम्हाला मात्र वेळा सैल ठेवाव्या लागतील. पाऊण तासाची भेट सव्वा तासाची धरावी आणि इंटर्न असेपर्यंत दिवसातले एक-दोन पेशंट कमी घ्यावेत. हा तोटा आहे, तो मान्य करूनच होकार द्यावा. विद्यार्थ्याला निदान प्रवासखर्चाइतके मानधनही द्यावे.

चूक दाखवण्याची पद्धत आधीच ठरवून घ्या. पेशंटसमोर दुरुस्ती करायची ती फक्त सुरक्षेचा प्रश्न असेल तरच. बाकीचे दिवसाच्या शेवटी, दार बंद करून, दहा-पंधरा मिनिटांत बोलावे. मी एक खूण ठरवते. मी पेन टेबलावर ठेवले की त्याने ‘मॅडमना एकदा विचारते’ किंवा ‘विचारतो’ असे म्हणून थांबायचे. शिकवणे ही वेगळी विद्या आहे, चांगला क्लिनिशियन आपोआप चांगला शिक्षक होत नाही, हे आपल्याकडे गृहीत धरले जात नाही. अमेरिकेत शेवटच्या वर्षाच्या एक्स्टर्नशिपसाठी (महाविद्यालयाबाहेरच्या प्रशिक्षणासाठी) खासगी क्लिनिक सर्रास वापरली जातात, पण तिथल्या व्यावसायिक संघटनेच्या २०२० पासूनच्या मानकांनुसार विद्यार्थ्याच्या पर्यवेक्षकाकडे प्रमाणपत्रानंतर किमान नऊ महिन्यांचा पूर्णवेळ अनुभव आणि पर्यवेक्षणाचे किमान दोन तासांचे प्रशिक्षण असावे लागते. दोन तास म्हणजे फार नव्हे. तरी महाविद्यालयाकडे तेवढी मागणी तुम्ही स्वतःहून करा, आणि एखाद्या अनुभवी प्राध्यापकांसोबत त्यांच्या ओपीडीत एक सकाळ बसून ते विद्यार्थ्यांशी कसे बोलतात ते पाहा.

शेवटच्या आठवड्यातली परीक्षा तोंडी प्रश्नांची नसावी. आधी न पाहिलेला एक नवा पेशंट पहिल्या ‘या, बसा’पासून रिपोर्ट समजावून सांगेपर्यंत त्याच्याकडे द्यावा आणि तुम्ही सुरक्षेव्यतिरिक्त काहीही बोलू नये. नंतर महाविद्यालयाला गुणांबरोबर अर्धे पान लिहून पाठवावे: काय एकट्याने करू शकतो, कशात अजून नजर ठेवावी लागते आणि त्याच्या नावे केलेल्या चार-पाच पेशंटचे पुढे काय झाले.

राहिला प्रश्न कधी सुरू करायचे याचा. महाविद्यालयाचे वेळापत्रक मान्य असेल तर जुलैपासून सुरू करा. कोल्हापूरच्या पावसात मशीनमध्ये ओल शिरते, रिसीव्हर बंद पडतात, कानात बुरशी झालेले पेशंट येतात, मोल्डच्या नळीत पाणी साचते. दुरुस्ती आणि फॉलो-अपच्या भेटी या दिवसांत वाढतात आणि नव्या तपासण्या थोड्या कमी होतात, म्हणजे विद्यार्थ्यासाठी वेळ काढणे तुम्हाला सोपे जाईल. त्याआधी जूनमध्ये ऑडिओमीटरचे कॅलिब्रेशन उरकून घ्या.